आवतणाची कॅसेट

१२ ऑगस्ट, मंगळ. रोहा
प्र.ची कॅसेट आली. नागोठण्याचे एक जण मस्कतहून सुट्टीवर आलेत, त्यांनी शाळेत आणून दिली. ह्या माणसाला पत्र लिहायचा पहिल्यापासून कंटाळा. तिकडे नोकरीला गेल्यापासून कॅसेट भरून पाठवतो. आमच्याकडे टेप नाही, म्हणून नवऱ्याचा आवाज ऐकायला मी शेजारी मंगलाताईंकडे जाते. ताई, त्यांची सासू, वरच्या मजल्यावरच्या दोघी, सगळ्या चहा घेऊन बसतात. प्र.ला ते माहीत आहे. त्यामुळे आधी सगळ्यांना नमस्कार, मग ताईंच्या सासूबाईंच्या कंबरेची चौकशी, आणि माझ्या वाट्याला काय, तर 'तब्येतीला जप'.
पण आज बातमी होती. फॅमिली व्हिसाचं काम झालं. दिवाळीच्या आत मी आणि लेक मीनू तिकडे.
"येताना कपडे आणि वाल सोडून काही आणू नकोस. रंगीत टीव्ही, व्हिडिओ, दोन कॅसेटींचा डेक, सगळं इथे मिळतं. मी अजून काही घेतलेलं नाही. तू आलीस की दोघं जाऊ दुकानात."
ताईंची सासू म्हणाली, एवढी दुकानं समोर असून थांबलाय म्हणजे माणूस बरा आहे. मी लाजले. चार बायकांत नवऱ्याची कॅसेट ऐकणं म्हणजे...

१५ ऑगस्ट, शुक्र.
झेंडावंदन. सगळ्या शाळेला कळलंय. मोठ्या बाईंनी बिनपगारी रजेचं बोलून घेतलं. शिपाईमामांना घड्याळ हवंय, गणिताच्या गुरुजींना टू-इन-वन. मी अजून गेले नाही आणि लोकांचं सामान निघालंसुद्धा.
मीनू विचारते, तिकडच्या टीव्हीत मराठी लागतं का. मी नाही म्हटलं. मग म्हणाली, आज्जीला नेऊ या, ती बोलेल मराठी.
माझ्याही डोक्यात ते बसलं.

२४ ऑगस्ट, रवि. पेण
आयकडे, माहेरी आले. आंबा नदीला पाणी चढलेलं, नागोठण्याला एस.टी. खूप वेळ उभी होती. पेणला उतरले तर जिकडेतिकडे गणपती, रंग न दिलेले, ओळीने वाळत ठेवलेले. मग खाडीकडच्या टेम्पोत बसून घर.
आयला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाली, "जा. नवरा हाय थय ऱ्हावाचं." मग मस्कतला खाडी आहे का विचारलं. समुद्र आहे म्हटलं. मंग बरं, म्हणाली.
दत्तू, माझा धाकटा भाऊ, मिठागरावरून आला. त्याचं लग्न ठरतंय, वैशाखातलं. मी तेव्हा इथे नसणार. आय म्हणाली, "धवला मी गाईन, पन झेलाला कोन?" तिची जोडीदारीण हिराबाय गुडघ्यांनी बसली, लेकीकडे उरणला असते.
आय धवलारीण, लग्नातली गाणी, म्हणजे धवले, गाणारी. आमच्याकडच्या लग्नांत भटाच्या आधी ती. मुहूर्तमेढीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला वेगळा, तिने एक ओळ लावायची, जोडीदारणीने ती झेलायची. आसपासच्या सगळ्या गावांतली लग्नं तिने गायली. लहानपणी मी सोबत जायचे. देव आवतणाला येऊन बसेपर्यंत जागी असायचे, मग तिच्या मांडीवर झोप. लग्न लागलेलं मी तेव्हा कधी बघितलंच नाही, थेट सकाळी लाडू.
परतीच्या वाटेवर ठरवलं. तिकडे टीव्ही मिळेल, व्हिडिओ मिळेल. आयचा आवाज कुठल्या दुकानात मिळणार? टेप इथूनच घ्यायचा. आणि भरून न्यायचा.

३१ ऑगस्ट, रवि.
घेतला. पेणच्या बाजारात गणपतीच्या गर्दीत वाट काढत गेले. दुकानदार ओळखीचे, आमच्या दत्तूच्या वर्गातल्याचे काका. मस्कतला न्यायचाय म्हटल्यावर ते काउंटरवर हात टेकून हसले. "बाई, लोक तिकडून आणतात. तुम्ही मिठागरात मीठ न्यायला निघालात."
म्हटलं, मीठ इथलंच हवंय.
टू-इन-वन, काळा, वर उचलायला दांडी. विजेवर चालतो, सेलवरही. कॅसेट नव्वदची मागितली तर म्हणाले, ती घेऊ नका, फीत पातळ असते, गुंतते. साठची घ्या, टिकते. अर्ध्या तासाने उलटायची एवढंच. पटलं.
मग म्हणाले, बोलून बघा काहीतरी. दोन बटणं एकदम दाबली आणि तोंडाला कुलूप. काय बोलणार माणूस डब्याशी? शेवटी माझ्या वर्गाची हजेरी घेतली. अनिता, अशोक, बेबी, भरत. प्रत्येक नावाला काका गंभीरपणे 'हजर' म्हणत होते. परत लावून ऐकलं. मी इतक्या करड्या आवाजात बोलते? पोरं उगाच घाबरत नाहीत.
मंगलाताईंना अजून दाखवला नाही. त्या म्हणतील, आता तू कशाला येशील.

८ सप्टें., सोम. खाडीकडे, आयच्या घरी
काल गणपती बसले. आज दुपारी निवांत वेळ बघून टेप काढला. मीनूने कौतुकाने बटणं दाखवली. आय लांबून बघत होती, हात पदराखाली.
"काय गो, ह्यो डबा कनाला आनलास?"
सांगितलं. म्हटलं, तू धवला गा, मी भरून नेते. तिकडे आठवण आली की लावेन.
तिला आधी वाटलं मी मस्करी करतेय. मग म्हणाली नाय. मला वाटलं लाजतेय, म्हणून आग्रह केला. तेव्हा ती नीट माझ्याकडे वळून बसली.
"धवला मंजे आवतान गो. येशीवरचा देव, बांधावरचा, खाडीची आई, सगल्यांना नाव घेऊन बोलवाचं. ते येतान. आन् मांडव नाय, हलद नाय, चूल पेटली नाय. काय सांगू त्यांना? पोरीचा डबा बगाला बोलवलंय?"
डी.एड.ला हे शिकवलं नव्हतं.
मी म्हटलं, नुसती चाल म्हण, नावं गाळ. तर म्हणे नावं गाळून कोण येईल.
दत्तू बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, ताई, तांदूळ पाखडताना ती पुटपुटते. डबा कणगीमागे ठेवू या. मी नको म्हटलं. वर्गात पोरांना कॉपी करू देत नाही आणि स्वतः आईचा आवाज चोरू?
नाराज आहे. ती नाही, मी. ती मोदक वळतेय मजेत.

१८ सप्टें., गुरु. रोहा
विसर्जन काल झालं. नागोठण्याचे ते गृहस्थ परत निघालेत, म्हणून प्र.साठी कॅसेट भरली. पहिल्यांदाच स्वतःच्या घरात, दार लावून. म्हटलं आता मनातलं बोलू. तर पहिलं वाक्य निघालं, 'इकडे सर्व क्षेमकुशल'. पुसलं. परत भरलं. परत तेच. मग मीनूला पुढे बसवलं, तिने सगळा गणपती सांगितला आणि शेवटी 'आईने टेप घेतला, आज्जी गात नाही' असंही सांगून टाकलं.
मीच सांगणार होते. जरा गोडीने.

५ ऑक्टो., रवि.
खालच्या किराणा दुकानात प्र.चा फोन. ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे आळीभर संसार. रागावला नव्हता, पण आवाज पडलेला. म्हणाला, मी इथे रोज त्या दुकानावरून जातो. काचेतला डेक बघतो आणि पुढे जातो, की कुसुम आली की घेऊ. आणि तू तिकडे घेऊन मोकळी?
मी म्हटलं, तो आपल्या ऐकण्याचा नाही, आयच्या भरण्याचा आहे.
"पण त्या तर गात नाहीत."
तेही खरं.
तिकिटाची तारीख विचारत होता. दिवाळीच्या आत म्हणाला होता, तेच धरून बसलाय. फोन कट झाला. दुकानदारांनी मला उगीचच गुळाचा खडा दिला.
वाईट वाटलं. तो काचेसमोर उभा राहून पुढे जातो, ते सारखं डोळ्यांसमोर येतंय.

१३ ऑक्टो., सोम. दसरा
आयकडे सोनं द्यायला गेले. टेप नेला नाही. विषयही काढला नाही, फुगून बसले होते म्हणा ना.
जेवताना तिनेच काढला. म्हणाली, त्या दिवसापासून तिला गोड लागत नाही. लेक पहिल्यांदा काहीतरी मागतेय, तेही दागिना नाही, साडी नाही. आणि मग भात कालवता कालवता, जसं काही मीठ कमी आहे सांगावं तसं म्हणाली, "तुलशीचं लगीन लगीनच ना?"
म्हणजे तुळशीच्या लग्नात ती गाणार.
पण तिच्या अटी. मांडव खरा हवा, चार खांबांचा, वर आंब्याचे टहाळे. नुसते उसाचे दोन दांडे चालायचे नाहीत. हळद लागणार. गावजेवण नाही तरी आळीजेवण. आणि हिराबायला उरणहून आणायचं. देवांना बोलावायचं तर लग्नाला बोलावायचं. तुळशीचं असो नाहीतर माणसाचं, त्यांना काय, जेवणाशी कारण.
दत्तू म्हणाला, माझ्या लग्नाची रंगीत तालीम.
मी इतकी खूश होते की एस.टी.त बसल्यावर लक्षात आलं. तुळशीचं लग्न दिवाळीनंतर. आणि तिकीट दिवाळीच्या आत.

१९ ऑक्टो., रवि.
फोन केला, ह्या वेळी मी. दुकानात सात जण उभे, कुणी हललं नाही. सगळं ओरडून सांगितलं, मांडव, हळद, हिराबाय.
मग म्हणाला, "आईंना सांग, बोलवायच्या यादीत मलापण धरा."
एवढंच. तारीख पुढे ढकलतो म्हणाला.
ह्या माणसाशी माझं लग्न आयनेच गायलं होतं. चांगलं गायलं असणार.

२ नोव्हें., रवि.
दिवाळी. सासरी गावी आले आहे. सासूबाईंनी वाल निवडून ठेवलेत माझ्यासोबत द्यायला, गोणीभर दिसतात. सासरे म्हणाले, तिकडे पेरणार आहात काय. फराळ, झोप, फराळ. टेपवर सगळ्यांनी आपापले आवाज ऐकले. कुणालाच आपला आवाज आवडला नाही, दुसऱ्यांचे मात्र अगदी तसेच आहेत म्हणे.

१६ नोव्हें., रवि. आयच्या घरी
कालचं सगळं आज लिहिते. काल हात मोकळा नव्हता आणि डोकंही.
सकाळी मांडव उभा. दत्तूने आणि मिठागरावरच्या पोरांनी खांब रोवले, टहाळे बांधले. तुळशीला हिरवी साडी, आयची. आळीतल्या बायका वालाचं बिरडं करायला बसल्या. एक म्हातारी म्हणाली, माझ्या लग्नाला एवढं नव्हतं.
दुपारी उरणचा निरोप आला. हिराबायला बसमध्ये चढवता येईना. येत नाही.
मी आयकडे बघितलं. म्हटलं, राहू दे मग. ती तुळशीला हळद लावत होती. मागे न बघता म्हणाली, "तू झेल."
मला येत नाही म्हटलं.
"माजे मांडीवर काय नुसती झोपत होतीस?"
टेप खांबाशी ठेवला, सेल नवे घातले. दुकानातली हजेरी त्या कॅसेटवर सुरुवातीलाच होती, ती संपल्यावर पुढे दोन्ही बटणं दाबली आणि आयच्या शेजारी जाऊन बसले. तिने डोक्यावरून पदर घेतला. माझ्याही डोक्यावर ओढला.
आणि लावला. तिचा आवाज घरातला नाही तो. चुलीशी बोलते तो नाही, बाजारात भाव करते तोही नाही. लांब, सरळ, मांडवाच्या बाहेर जाणारा. पहिली ओळ झाली, ती थांबली, आणि माझ्या तोंडातून ती ओळ निघाली. कुठून आली सांगता येत नाही. पुढची आली. एकेक देव नावाने आवतणाला. वेशीवरचा, बांधावरचा, धरमतर खाडीच्या पाण्यावरचा. मग प्र.चं नावही आलं, समुद्रापलीकडचा जावई म्हणून. मीनू खुदकन हसली. मला हसू नाही आलं, ओळ सोडता येईना. सोडली तर देव वाटेत उभे.
देव दारात आले, पाय धुऊन झाले. आता आत घ्यायचे. आणि खांबाशी आवाज झाला, टक्.
बटण वर. कॅसेटची बाजू संपली. उलटायला हवी होती.
दत्तू मागे पंगत मांडत होता. मीनू माझ्या मांडीवर, डोळे मिटत आलेले. मी उठायला जरा हलले, तर आयने गाता गाताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ओळ माझ्यावर आली होती. मी झेलली. पुढची झेलली. देव आत आले, बसले, जेवले, लग्न लागलं, शेवटी ज्याला त्याला निरोप देऊन वाटेला लावलं. सगळं झेललं मी. स्वतःचं लग्न सोडलं तर पहिल्यांदा शेवटपर्यंत जागी होते. टेप खांबाशी गप्प.
रात्री जेवणं उरकल्यावर लावून बघितली. दारापर्यंत आहे. बाकी काही नाही. मला रडायला आलं. आयला म्हटलं, तेवढं पुढचं एकदा गा, मांडव अजून उभा आहे.
म्हणाली, "लगीन लागलं गो. लागलेलं परत कसं लावू?"
तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मग जवळ बसली, डब्यावरून हात फिरवला. म्हणाली, एक ध्यानात ठेव, हा जेव्हा जेव्हा लावशील तेव्हा ते येणार. तेव्हा आधी ताट वाढून ठेव. माझ्या नावाने बोलवलेले उपाशी जायला नकोत.
आज सकाळी मी राग विसरले. मांडव सोडवताना गुणगुणत होते, दत्तूने चिडवलं, मास्तरीण गेली, धवलारीण आली. तशी कुठली. झेलता येतं, लावता येत नाही. पुढची ओळ कुणी हातात दिली तरच.

२३ नोव्हें., रवि. रोहा
सामान. वाल अर्धेच घेतले, सासूबाईंना सांगितलं नाही. टेप हातात न्यायचा, मीनूच्या स्वेटरमध्ये गुंडाळून. कॅसेट माझ्या पर्समध्ये. मंगलाताईंना म्हटलं, आता मी तिकडून भरून पाठवेन, तुम्ही ऐका. त्यांची सासू म्हणाली, मग आम्ही चहा घेऊन बसू, तू काय घालायचा तो गोंधळ घाल.

२७ नोव्हें., गुरु.
निघालो. पेणच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा आय आणि दत्तू उभे. आयने खिडकीतून सुक्या जवळ्याची पुडी दिली. मस्कतला मासळी मिळते म्हटलं. "मिलंल," म्हणाली, "हा नाय मिलनार."
गाडी हलल्यावर मी ओरडले, वैशाखात काही करून येते, दत्तूच्या लग्नाला. झेलायला. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. हात वर केला होता.

३ डिसें., बुध. मस्कत
पोचून चार दिवस झाले, आज वही सापडली. घर लहान, स्वच्छ, खिडकीतून डोंगर, उघडे, एक झाड नाही. प्र. वाळलाय. मीनू पहिला दिवस त्याच्याजवळ गेली नाही, आता खांद्यावरून उतरत नाही.
माझ्या टेपची पिन इथल्या भिंतीत बसत नाही. इथे तीन चपट्या. प्र. हसला, मग स्वतःच जाऊन मध्ये लावायची पिन घेऊन आला. म्हणाला, आईंचा टेप आहे, त्याला इथे बसवायलाच हवं.

५ डिसें., शुक्र.
संध्याकाळी दुकानात. तेच, काचेचं. मी आत शिरले. सगळ्या भिंतीवर टीव्ही, सगळ्यांत एकच माणूस बोलतोय. प्र. एकेक दाखवत होता, ह्याला असं, त्याला तसं. सगळं पाठ त्याला. किती दिवस तो हे घोकत असेल. मी म्हटलं, तुला आवडेल तो घे. तर नाही, तू बोट ठेव. ठेवलं. रंगीत टीव्ही, व्हिडिओ, आणि तो दोन कॅसेटींचा डेक, पुढे बटणांची रांग. विकणारा केरळचा, त्याने मीनूला फुगा दिला.
घरी आल्यावर खोकी उघडली. मीनू टीव्हीच्या खोक्यात जाऊन बसली, ती टीव्ही लावला तरी बाहेर येईना. अरबी बातम्या लागल्या. काही कळलं नाही, तिघं खूप वेळ बघत बसलो.
फार बरं वाटतंय. लिहून ठेवते, कारण बरं वाटलेलं मी लिहीत नाही.

१२ डिसें., शुक्र.
आज लावली.
भात, वालाचं बिरडं, जवळ्याची चटणी वेगळ्या वाटीत. एक ताट वाढून टीव्हीसमोर जमिनीवर ठेवलं. मला वाटलं होतं प्र. चेष्टा करील. त्याने आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला, आणि पाटाऐवजी टीव्हीचं खोकं चपटं करून अंथरलं. कॅसेट नव्या डेकात घातली. त्यानेच बटण दाबलं.
आधी माझी हजेरी. अनिता, अशोक, बेबी. पेणच्या दुकानदारांचं 'हजर'. प्र. म्हणाला, हे कोणते देव?
मग आय. एवढ्या मोठ्या डेकातून तिचा आवाज आला आणि घर भरलं. मागे मांडवातल्या बायका, भांडी, कुठेतरी कुत्रं. मध्ये माझा आवाज, झेलणारा. स्वतःचं नाव आलं तेव्हा प्र.ने मान खाली घातली. ती नंतर बराच वेळ वर केली नाही. मी त्याच्याकडे बघितलं नाही.
देव दारात आले. पाय धुतले. टक्.
प्र.ने कॅसेट उलटली. दुसरी बाजू कोरी, नुसती खरखर. त्याला सांगितलं होतं तरी विसरला होता. मीनू ताटाकडे बघून म्हणाली, मग ते बाहेरच?
मी पदर डोक्यावर घेतला आणि पुढची ओळ लावली. लावली, झेलली नाही. मीच म्हटली, मीच परत म्हटली. दारातून आत घेतलं सगळ्यांना, नावं चुकली नाहीत, आणि बसवलं. लहानपणी इथपर्यंत जागी असायचे मी.
आणि तिथेच संपलं. पुढची ओळ येईना. निरोपाचा धवला. गेल्या महिन्यात मांडवात आख्खा झेलला होता, तरी त्यातला शब्दही येईना. प्र. थांबून राहिला, मीनू थांबून राहिली. शेवटी पदर खाली घेतला आणि म्हटलं, जेवू या.
जेवताना प्र.ला सांगितलं, निरोप दिला नाही म्हणजे ते गेले नाहीत. आयला विचारायची सोय नाही, ती लग्नाशिवाय म्हणणार नाही. लग्न दत्तूचं, वैशाखात. रजा मिळते का, तिकीट होतं का, काही माहीत नाही. तोवर काय करायचं?
"राहू देत," तो म्हणाला. "टीव्ही बघतील."
मी हसले, पण गंमत म्हणून सोडून देता आलं नाही. आयने नाव घेऊन बोलावलेले आहेत. रात्रीचा भात लावताना एक मूठ जास्त टाकला.